धानाच्या मुलखातील पाऊस आणि अवर्षण

(दुष्काळ निवारण समितीच्या सर्वसाधारण सभेत गोंदिया जिल्ह्याच्या हवामानाविषयी दिलेले व्याख्यान)



समितीचा जमाखर्च व मदतीचे विवरण या अहवालात अन्यत्र छापले आहे. त्याची पुनरुक्ती आम्ही करीत नाही. आमच्याकडे सोपविलेले काम निराळे आहे. गोंदिया जिल्ह्याकरिता मदत मागावयास गेले असता दूरचे दाते एक शंका काढतात, आणि ती शंका रास्त आहे. माण, जत, आटपाडी या तालुक्यांत वर्षाकाठी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस. तेथील दुष्काळ कोणासही समजतो. परंतु गोंदियास तर लोक तलावांचा जिल्हा म्हणतात, येथे सरासरीने बाराशे ते चौदाशे मिलिमीटर पाऊस पडतो, म्हणजे पुण्याच्या जवळजवळ दुप्पट. मग येथे दुष्काळ कसला? या शंकेचे उत्तर करुणेने देता येत नाही. ते भूगोलानेच दिले पाहिजे. ते उत्तर आपणा सर्वांस नीट समजल्यावाचून आपला पैसा कोठे खर्चावा हेही कळणार नाही, म्हणून आज थोडे शास्त्र सांगण्याची परवानगी घेतो.

प्रथम दोन शब्दांचा घोळ निस्तरावा लागतो. हवा आणि हवामान हे शब्द आपण एकमेकांच्या जागी सहज वापरतो, वर्तमानपत्रेही वापरतात. शास्त्रात त्यांच्यामध्ये भेद आहे. आज सकाळी आमगावास ढग आले, दुपारी वारा सुटला, सायंकाळी दोन सरी पडल्या, ही हवा. अशा सरी वर्षानुवर्षे मोजून, निदान तीस वर्षांची नोंद हाताशी धरून, सरासरीचा आणि चढउताराचा जो हिशेब निघतो ते हवामान. चढउतार हा शब्द आम्ही मुद्दाम घातला आहे, कारण पुष्कळ लोक सरासरीपाशीच थांबतात. धानाचे पऱ्हे आज टाकावे की चार दिवस थांबावे, हे हवा पाहून ठरते. या जमिनीत धान घ्यावे की ज्वारी, आणि गावाच्या वरच्या अंगास तलाव बांधावा की नाही, हे हवामान पाहून ठरते. पहिल्या निर्णयात चूक झाली तर एका हंगामाचे बियाणे जाते. दुसऱ्यात झाली तर गाव उठते.

आपल्या शेतकऱ्याजवळ हवामानाची नोंद नव्हती असे मात्र कोणी समजू नये. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही सूर्याची नक्षत्रे त्याच्या तोंडपाठ असत, व आजही असतात. सण चांद्रमासांनी मागेपुढे होतात. सूर्यनक्षत्रे ऋतूस धरून चालतात. ७ किंवा ८ जूनच्या सुमारास मृग लागते, सप्टेंबरच्या अखेरीस हस्त लागतो. पेरणीस मृग पाहावे आणि दाणा भरण्यास हस्ताचा पाऊस हवा, हे ज्याने प्रथम ठरविले त्याच्यापाशी पर्जन्यमापक नसेल, पण अनेक पिढ्यांची स्मृती होती. तेही हवामानशास्त्रच होय.

आता जिल्ह्याचे स्थान पाहू. गोंदिया शहर सुमारे २१ अंश २७ कला उत्तर अक्षांशावर आहे. कर्कवृत्त येथून उत्तरेस अवघे दोन अंश. यामुळे सूर्य वर्षातून दोनदा बरोबर माथ्यावर येतो, एकदा मे महिन्याच्या अखेरीस आणि पुन्हा जुलैच्या मध्यास. दुसऱ्या वेळी तो ढगांआड असतो म्हणून आपल्यास जाणवत नाही, पहिल्या वेळी मात्र चांगलाच जाणवतो. शिवाय समुद्र दूर. पाणी उशिरा तापते व उशिरा निवते, जमीन लवकर तापते व लवकर निवते. म्हणून समुद्रकाठच्या गावी उन्हाळा व हिवाळा यांत फार अंतर पडत नाही, आणि आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत चढतो, तर पौष-माघाच्या निरभ्र रात्री जमिनीची उष्णता आकाशात निघून जाऊन थंडी अशी पडते की विदर्भातील नीचांकी तपमानाची नोंद पुष्कळदा गोंदियास होते.

समुद्राच्या अंतराचा पावसाशी संबंध याहून महत्त्वाचा आहे. अरबी समुद्र येथून सुमारे आठशे किलोमीटर, बंगालचा उपसागर सुमारे साडेपाचशे. मुंबई-पुण्याचा पाऊस अरबी समुद्राकडून येतो. तेथील बाष्पाने भरलेले वारे सह्याद्रीस अडून वर चढतात, वर निवतात, आणि आपले बहुतेक ओझे घाटमाथ्यावर उतरवितात. महाबळेश्वरास वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस. तेथून सरळ रेषेत फार दूर नसलेल्या पुण्यास सातशेंच्या आसपास. पुढे माण व जत यांच्या वाट्यास पर्वताची पर्जन्यछाया. आता हीच रेषा पूर्वेकडे वाढवीत न्यावी, म्हणजे मौज दिसते. पाऊस घटत घटत शून्यावर जात नाही. वऱ्हाड ओलांडून नागपुराकडे तो पुन्हा वाढू लागतो आणि वैनगंगेच्या खोऱ्यात पश्चिम महाराष्ट्राच्या पठारास लाजवील इतका होतो. याचे कारण हा पाऊस निराळ्या घरचा आहे.

उन्हाळ्यात वायव्य भारताची भूमी तापून तेथील हवा विरळ होते, तिचा दाब उतरतो. त्या बाजूपासून बंगालच्या उपसागरापर्यंत कमी दाबाचा एक लांबट पट्टा पावसाळाभर ताणलेला असतो. उपसागराच्या शिरोभागी, ओडिशाच्या किनाऱ्यालगत, पावसाळ्यात वेळोवेळी कमी दाबाची आवर्ते उत्पन्न होतात व या पट्ट्याच्या आधाराने ओडिशा, छत्तीसगड, मध्यप्रदेश अशी पश्चिम-वायव्येस सरकतात. अशा आवर्ताचा सर्वांत जोराचा पाऊस त्याच्या मध्यापाशी पडत नाही. मध्याच्या नैर्ऋत्य अंगास पडतो. तेव्हा आवर्त आपल्या उत्तरेने, मंडला-जबलपूरच्या बाजूने गेले की आपला जिल्हा भिजतो. ते बंगाल-बिहाराकडे वळले किंवा समुद्रावरच विरले की आपण कोरडे. कित्येकदा तो लांबट पट्टाच उत्तरेस सरकून हिमालयाच्या पायथ्याशी जाऊन बसतो. मग तिकडे पूर येतात आणि मध्य भारतात पावसात खंड पडतो. अशा खंडात आकाशात ढग असतात, वारा असतो, गारवाही असतो. पाऊस तेवढा नसतो. शेतकऱ्याचे काळीज सर्वांत जास्त जाळणारी हवा ती हीच.

सारांश, आपल्या जिल्ह्याचा पाऊस हा रोजच्या रतिबाचा पाऊस नव्हे. वर्षाच्या पावसापैकी दहांतील जवळजवळ नऊ भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत, आणि त्यातही थोड्याच आवर्तांच्या कृपेने पडतो. दोन आवर्ते चुकली तर महिना बुडतो. वर्षाची बेरीज मात्र ही गोष्ट सांगत नाही. अशी कल्पना करा की दोन वर्षे सारखाच, तेराशे मिलिमीटर, पाऊस पडला. एका वर्षी तो मृगापासून हस्तापर्यंत वाटून पडला. दुसऱ्या वर्षी जुलै-ऑगस्टात नद्या दुथडी वाहिल्या आणि पूर्वा नक्षत्रानंतर थेंब नाही. कागदावर दोन्ही वर्षे सारखी चांगली. पहिल्या वर्षी कोठारे भरतील, दुसऱ्या वर्षी भारी धान पोचट होईल.

धानाचा स्वभावच तसा आहे. रोवणीच्या वेळी त्यास चिखल लागतो, हे सर्वांस दिसते. पण निसवताना आणि लोंबीत दूध भरताना त्यास बांधीत पाणी लागते, हे शहरच्या लोकांस ठाऊक नसते. हलके धान लवकर हाती येते व थोडक्यात सुटते. भारी धान अधिक पिकते, पण त्याची ही नाजूक वेळ सप्टेंबरच्या उत्तरार्धात व ऑक्टोबरात येते. आणि मोसमी वारे या भागातून ऑक्टोबरातच माघार घेतात. पिकाची शेवटची तहान आणि पावसाचा निरोप एकाच पंधरवड्यात गाठ पडतात. येथील दुष्काळाचे मूळ या एका गोष्टीत आहे.

इतिहास याची साक्ष देतो. आजचा गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी स्वतंत्र झाला. त्यापूर्वी तो भंडारा जिल्ह्यात होता आणि इंग्रजी अमदानीत मध्यप्रांतात मोडत असे. १८९६ साली मध्यप्रांतात पावसाळा बरा लागला होता. रोवण्या झाल्या, पिके उभी राहिली, आणि ऑगस्ट सरता सरता पाऊस एकाएकी थांबला. उभे धान वाळले. १८९६-९७ चा दुष्काळ तो हाच. त्यातून लोक सावरतात न सावरतात तोच १८९९ साली पाऊस मुळातच फसला. हे दोन दुष्काळ एका नावाने ओळखू नयेत. दुसऱ्यात पाणीच आले नव्हते. पहिल्यात पाणी आले होते, वाहून गेले होते, आणि लागले तेव्हा नव्हते. दुसऱ्या प्रकारास मनुष्याचा इलाज थोडा. पहिल्या प्रकारास इलाज आहे, आणि तो येथील लोकांनी इंग्रज येण्याच्या आधीच शोधला होता.

पाऊस पुढे कसा पडेल हे आधी सांगता येईल काय, असा प्रश्न आमच्या सभांतून नेहमी निघतो. १८७५ साली भारतीय हवामान खाते स्थापन झाले त्यामागे दुष्काळांची हीच धास्ती होती. १९०४ ते १९२४ पर्यंत त्या खात्याचे प्रमुख असलेले गिल्बर्ट वॉकर यांनी जगभरचे दाबाचे आकडे ताडून दाखविले की पॅसिफिक महासागर व हिंदी महासागर यांवरील हवेचा दाब तराजूच्या पारड्यांप्रमाणे वरखाली होतो. पॅसिफिकचे पाणी तापण्याच्या ज्या प्रकारास एल निनो म्हणतात तो याच तराजूशी जोडलेला आहे. १९७२, २००९ व २०१५ या एल निनोच्या वर्षी देशात पाऊस कमी झाला. पण १९९७ साली एल निनो अत्यंत प्रबळ असूनही देशाचा पाऊस सरासरीइतका पडला. तेव्हा जूनपूर्वीचा अंदाज हा सबंध देशाविषयीचा कल सांगतो. अर्जुनी मोरगावच्या एखाद्या बांधीत हस्ताचा पाऊस पडेल की नाही हे त्यावरून काढू नये.

आता पायाखाली पाहू, कारण पाऊस कसा पडतो याइतकेच तो पडल्यावर कोठे जातो हे महत्त्वाचे आहे. पश्चिम महाराष्ट्राचा खडक काळा, लाव्ह्याच्या थरांचा. आपला खडक त्याहून कितीतरी जुना आहे, ग्रॅनाइट आणि नाइस जातीचा. भूगर्भशास्त्रज्ञांनी यातील एका खडकास आपल्या आमगावचेच नाव दिले असून त्याचे वय दोन अब्ज वर्षांहून अधिक आहे. हा खडक अंगाने कठीण; वरचा झिजलेला थर व भेगा सोडल्या तर त्यात पाणी मुरावयास जागा थोडी. नदीकाठच्या गाळाच्या जमिनी वगळल्या तर विहिरीच्या भरवशावर धान पिकविणे येथे कठीण होते व आहे. पाणी खाली साठत नसेल तर ते वर साठविले पाहिजे. त्यास भूमीचा आकारही अनुकूल: गायखुरीच्या, नवेगावच्या, दरेकसाच्या टेकड्या, त्यांच्यामध्ये मंद उताराची खोरी, आणि त्यांतून वैनगंगेकडे धावणाऱ्या बाघ, चुलबंद, गाढवी या नद्या.

या तिन्ही गोष्टी, म्हणजे पावसाची वेळ, खडकाचा कठीणपणा आणि भूमीचा उतार, एकत्र धरून पाहिल्या म्हणजे झाडीपट्टीतील तलाव का आहेत हे उलगडते. कोहळी समाजातील तलावबांधणाऱ्यांनी दोन टेकड्यांमधील अरुंद जागा हेरून मातीची पाळ घातली, बाजूने सांडवा काढला, पाळीतून मोरी सोडली. वरच्या तलावाचे सांडलेले पाणी खालच्या तलावात, त्याचे त्याखालच्या बोडीत, अशी साखळी जुळविली. सात बहिणी म्हणविणाऱ्या टेकड्यांच्या कुशीतील नवेगावबांध हा कोलू पाटील कोहळी यांनी बांधला अशी परंपरा आहे. या तलावांचा उद्देश उन्हाळी पिकाचा नव्हता. ऑगस्टचे उधळे पाणी धरून ठेवावयाचे आणि उत्तरा-हस्तात पाऊस रुसला तर बांधीत सोडावयाचे, एवढाच त्यांचा मुख्य धर्म. महिना-दीड महिन्याची ही उसनवारी होती; पण तीच गावाची कोठी भरीत असे. आमच्या मते हवामानाचे इतके अचूक वाचन महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच मातीत उतरलेले दिसेल. (या तलावांवर आणि धानाच्या बांध्यांवर सारस पक्षी जगतो, महाराष्ट्रात तो आता मुख्यत्वे याच भागात उरला आहे, हे जाता जाता सांगावेसे वाटते.)

पूर्व विदर्भाच्या चार जिल्ह्यांत मिळून असे साडेसहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. १९५१ साली मालगुजारी संपली. ती गेली हे योग्यच झाले. रयतेच्या घामावर पोसलेली ती व्यवस्था होती. परंतु पाळीची डागडुजी कोणी करावी, मोरी कोणी उघडावी, गाळ कोणी काढावा, याची जी रूढी होती ती तिच्याबरोबर विस्कटली. तलाव सरकारजमा झाले आणि सर्वांचे झाल्याने कोणाचेच उरले नाहीत. गाळ चढत गेला, उथळ पाण्यात बेशरमाची झाडी माजली, कडेच्या कोरड्या पडलेल्या भूमीवर नांगर चालू लागले. इटियाडोह, बोदलकसा, चोरखमारा यांसारखे मोठे जलाशय निराळे; त्यांचे पाट जेथे पोचतात तेथे पोचतात. जेथे पोचत नाहीत तेथे गावतलावच आधार.

गाळाने किती हानी होते याचा हिशेब आम्ही आपणांपुढे ठेवतो, कारण समितीच्या मागणीचा पाया तोच आहे. एका एकरावर एक इंच पाणी म्हणजे सुमारे एक लक्ष लिटर. निसवणाऱ्या धानास जगविण्याकरिता एक चांगले, चार इंचांचे पाणी द्यावयाचे धरले तर एकरास चार लक्ष लिटर, आणि शंभर एकरांस चार कोटी लिटर लागते. आता दहा एकर विस्ताराच्या लहानशा तलावात एक मीटर गाळ साचला तर किती पाण्याची जागा गेली? सुमारे चार कोटी लिटरांची. पाटात मुरणारे पाणी सोडले तरी अर्थ स्पष्ट आहे. एका लहान तलावातील मीटरभर गाळ म्हणजे शंभर एकर धानाचा शेवटचा घोट. आणि हाच गाळ शेतात टाकला तर सिहार व बरडी जमिनीस खत होतो, हे आपल्या आजोबांस माहीत होते.

हे काम आता अधिक तातडीचे झाले आहे. तापलेली हवा दर अंशामागे सुमारे सात टक्के अधिक बाष्प धरते, आणि धरलेले बाष्प एकदम सोडते. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानसंस्थेच्या शास्त्रज्ञांनी २०१७ साली दाखविले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतातील विस्तृत अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेस आलेला महापूर आपण पाहिला. तो पाऊस मुख्यत्वे मध्यप्रदेशातील तिच्या वरच्या खोऱ्यात पडला होता, आणि पाण्याखाली गेली भंडारा-गोंदियाची गावे. ज्या नदीकाठी ऑगस्टात होड्या फिरल्या तेथून काही कोसांवर ऑक्टोबरात धान सुकू शकते, हा विरोधाभास नव्हे. एकाच हवामानाची ही दोन अंगे आहेत. मजबूत पाळीचे रिकामे पोट दोन्ही वेळा उपयोगी पडते. फुटक्या पाळीचा तलाव मात्र पुरात खालच्या गावावर संकट होतो, म्हणून गाळ काढण्याआधी पाळ व सांडवा पाहिला पाहिजे.

हे होण्याजोगे आहे याचे उदाहरण जिल्ह्यातच आहे. अर्जुनी मोरगावच्या बाजूस भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ आणि ढिवर समाजातील स्त्रीपुरुष यांनी मिळून तलावांतील बेशरम उपटली, मूळच्या पाणवनस्पती पुन्हा लावल्या, मासे परत आणले. ज्यांचे पोट तलावावर आहे त्यांच्या हाती तलाव दिला की तो सुधारतो, एवढे त्यावरून निश्चित दिसते. शेतकरी पाण्याकडे पाहतो, ढिवर माशाकडे. मोरी केव्हा उघडावी यावरून दोघांत तंटे होतात, हे आम्ही लपवीत नाही. पण ते तंटे गावात बसून मिटविता येतात.

तेव्हा दात्यांस आमची विनंती अशी. धान्य, चारा व मजुरी यांकरिता येणारी वर्गणी समिती घेत राहीलच. दुष्काळ पडल्यावर उपाशी माणसास भूगोल सांगणे हा निर्दयपणा होय. परंतु ज्या वर्षी पीक बरे आले आहे त्या वर्षीही वर्गणी पाठवावी, आणि ती तलावाच्या कामाकरिता म्हणून निराळी लिहावी. तो पैसा माघ ते वैशाख या उघाडीच्या महिन्यांत खर्च होईल, त्याच दिवसांत गावच्या मजुरांस काम लागते. ज्यांस पैसा देणे शक्य नाही त्यांनी बैलगाडी किंवा ट्रॅक्टर द्यावा, तेही शक्य नसेल तर आठ दिवसांचे श्रम द्यावेत.

शिक्षकांस व विद्यार्थ्यांस आणखी एक काम सांगावयाचे आहे. तालुक्याच्या ठिकाणी पडलेला पाऊस म्हणजे आपल्या गावचा पाऊस नव्हे. दोन कोसांत त्यात फरक पडतो. प्रत्येक शाळेने एक पर्जन्यमापक बसवावा, रोज सकाळी साडेआठ वाजता पाणी मोजून वहीत लिहावे, आणि त्याच वहीत शेजारच्या रकान्यात गावतलावाची पातळी लिहावी. अडीच मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला तो पावसाचा दिवस धरावा. सुट्टीतही नोंद चुकू देऊ नये. उत्तरा व हस्त या नक्षत्रांतील नोंद तर कोणत्याही सबबीवर चुकू नये.

गोंदिया, तिरोडा, गोरेगाव, आमगाव, सालेकसा, देवरी, सडक अर्जुनी व अर्जुनी मोरगाव या आठही तालुक्यांतील सभासदांनी आपापल्या गावच्या तलावाची पाळ, सांडवा व मोरी यांची सद्यःस्थिती लिहून ती यादी संक्रांतीपूर्वी समितीकडे पोचती करावी, म्हणजे कामांचा क्रम लावता येईल. ज्या गावात तलावावर जगणारी ढिवर कुटुंबे आहेत तेथे त्यांच्यापैकी एकाची तरी सही त्या यादीवर असावी.